झेलणाऱ्याला वगळून

कृष्णाकाठ ग्रँड सर्कशीतून आधी सिंह गेले, मग हत्तीण गेली, मग कुत्री गेली आणि शेवटी कायद्याच्या धाकानं मेहरूमामीनं चार पोपटही मोकळे सोडले. त्यातला एक पोपट पुढं सोलापुरात एका वकिलाकडं राहिला आणि मामीवर दावा ठोकायच्या गोष्टी करू लागला, असं मामी स्वतः सांगते. मालकीणच सांगते म्हटल्यावर खरं मानायला हरकत नाही. उरली ती माणसं. तोवर शेतातले ट्रॅक्टर आपले आपण नांगरू लागले होते आणि शहरात यंत्रं म्हाताऱ्यांचे पाय चेपत होती. पण तंबूच्या शेंड्याला एक हाडामांसाचा माणूस झोका सोडतो आणि दुसरा हाडामांसाचा माणूस त्याला झेलतो, हे बघायला बार्शीपासून बेळगावपर्यंत लोक अजून गर्दी करत. यंत्र पडलं तर दुरुस्त होतं, त्यात बघण्यासारखं काय? माणूस पडेल की काय, या धास्तीपायी लोक लेकराबाळांना घेऊन येत.

झोका सोडणारी जुई चौगुले. झेलणारा तिचा बाप, हणमंत.

हणमंत उलटा लटकण्यात उभा जन्म घालवलेला माणूस. त्याच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीनं त्याला ओळखलंच नाही म्हणे. तिनं त्याला तंबूत उलटा बघून पसंत केला होता. भटजींनी दोन माणसांकरवी नवरदेवाला पाय वर करून धरला, तेव्हा कुठं तिनं माळ घातली. आता माळ कुठल्या बाजूनं घातली ते मला विचारू नका. ती बिचारी जुई रांगत होती तेव्हाच तापानं गेली, आणि पोरगी झोक्याच्या दोरांमध्येच वाढली.

सर्कशीच्या फलकावर जुईचं चित्र असे. झेलणाऱ्याचं नाव कुठल्याच फलकावर नसतं. त्याचा धंदाच तसा आहे. हणमंताला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं ते एवढंच, की वरून येणारं माणूस डावीकडं येवो नाहीतर उजवीकडं येवो, हातात आलं की विषय संपला. खाली उतरल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. उडणाऱ्याला त्याची चूक सांगितली की त्याच्या अंगात संशय शिरतो, आणि संशय शिरलेलं अंग झेलता येत नाही.

आणि जुई डावीकडं यायची.

दरवेळी यायची. झोका सोडताना तिचा उजवा पंजा डाव्याच्या किंचित आधी सुटायचा. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्यातलाही एक तुकडा. पण त्या तुकड्यानं अंग एवढंसं वळायचं, आणि पल्याड पोचेपर्यंत त्या एवढ्याशाचं वीतभर व्हायचं. उलट्या लटकलेल्या माणसाची डावी बाजू आणि समोरून येणाऱ्याची डावी बाजू एकच. हणमंत डावा खांदा ताणायचा, कमरेतून पिळवटायचा आणि पोरीची मनगटं धरायचा. लोक टाळ्या वाजवायचे. जुई खाली येऊन म्हणायची, "अण्णा, आज कशी आले?"

"झ्याक," हणमंत म्हणायचा.

*

मग बारा डोळे आले.

परराज्यातल्या एका सर्कशीत मोठा अपघात झाला होता आणि नवा नियम निघाला होता, की उंचावरच्या उड्यांवर कॅमेऱ्यांची नजर पाहिजे, आणि त्यांनी हिरवा दिवा दिल्याशिवाय झोका सोडायचा नाही. कॅमेरे घेऊन पुण्याची शर्वाणी केळकर आली. तिनं तंबूच्या कडेनं वर, खाली, मध्ये असे बारा कॅमेरे बसवले. मग चमकणारे गोळे लावलेली एक काठी घेऊन ती झोक्याच्या शिडीवर चढली आणि ती हवेत फिरवत बसली.

"ही काय दृष्ट काढतेय का तंबूची?" मेहरूमामीनं विचारलं.

"कॅमेऱ्यांची एकमेकांशी ओळख करून देतेय, मामी. कोण कुठं बसलंय ते आधी त्यांना कळायला हवं."

"बारा कशाला गं? एकानं दिसत नाही?"

शर्वाणी खाली उतरली. तिनं मामीला एक डोळा झाकायला लावला आणि सुईत दोरा ओवायला सांगितला. मामीनं पाचसहा वेळा हवेतच दोरा ओवला आणि सुईला एक शिवी दिली.

"एका डोळ्याला फक्त दिशा कळते," शर्वाणी म्हणाली. "समजा, हा कॅमेरा जुईच्या मनगटाकडं बघतोय. त्यानं तिथवर एक सरळ दोरा ताणला. मनगट त्या दोऱ्यावर कुठंतरी आहे, पण जवळ की लांब, ते त्याला सांगता येत नाही. आता दुसऱ्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यानं आपला दोरा ताणला. दोन्ही दोरे जिथं भेटतात, तिथं मनगट. बाकीचे दहा एवढ्यासाठी, की मध्ये खांब आला, दोर आला, तिचं स्वतःचंच अंग आडवं आलं, तरी कुठले ना कुठले दोन दोरे भेटायलाच हवेत. हे सगळं सेकंदाला शेकडो वेळा चालतं. मनगट, कोपर, खांदा, गुडघा, प्रत्येकाचं वेगळं."

"आणि मग?"

"मग पुढचं सोपं. झोका सुटला की अंगाची वाट तिथंच ठरते. हवेत हातपाय कितीही झाडा, अंगाचा मध्य ठरलेल्या वाटेनंच जातो. जुईचा झोका बघून, आणि ती नेहमी कशी सुटते ते आठवून, कॉम्प्युटर ती सुटायच्या आधीच सांगणार की ती कुठं पोचेल. झेलण्यासारखी असेल तर हिरवा, नसेल तर लाल."

"झेलण्यासारखी म्हणजे केवढी? ते त्याला कुणी सांगायचं?"

"कुणीच नाही. आधी महिनाभर तो नुसत्या उड्या बघेल. ज्या झेलल्या गेल्या त्या बरोबर, असं तो आपलं आपण शिकेल."

मामीनं मान डोलवली. बाजूला दोराला मेण लावत बसलेल्या हणमंताचा हात मात्र थांबला. ज्या झेलल्या गेल्या त्या बरोबर. त्याच्या उस्तादाचंही हेच म्हणणं होतं. पुण्याच्या पोरीला हे कुणी सांगितलं, याचं त्याला नवल वाटलं.

जुईच्या अंगावर चमकत्या टिकल्या लावून झाल्यावर शर्वाणी हणमंताकडं वळली. "अण्णा, आता तुम्ही."

"मला टिकल्या? मी काय नवरी हाय?"

"तुमचे हातही कळायला हवेत ना."

"झेलणाऱ्याकडं कोण बघतंय, ताई? खांब हाय, दोर हाय, हणमंत हाय. तुमच्या कॉम्प्युटरला सांगा, सामान हाय म्हणून."

जुई हसली. मामी हसली. हणमंतही हसला, पण त्याच्या हसण्याला दुसरी बाजू होती. वर्षभर त्याचा डावा खांदा रात्रंदिवस ठणकत होता. हे बारा डोळे आपल्या अंगावर फिरले तर ते खांद्यात शिरतील, आपल्याला खाली उतरवतील, आणि मग पोरीसाठी डावीकडं कोण जाणार? शर्वाणीला पुढच्या मुक्कामी दुसऱ्या सर्कशीत पोचायचं होतं. तिनं फार ताणलं नाही. कॉम्प्युटरात तिनं हणमंताला खांब-दोरांच्या यादीत टाकलं. तेव्हापासून पडद्यावर जुईची निळी रेष उडायची, पोचायची आणि कुणीच नसलेल्या हवेत टांगली जायची.

महिनाभरानं दिवे सुरू झाले. प्रत्येक उडीला हिरवा. जुईच्या पायाला जमीन लागेना.

"अण्णा, बघितलंत का? बारा डोळ्यांनी बघून सांगितलंय. कुठल्याच सर्कशीत असं नाही. त्या नागपूरच्या पोराला म्हणे आठवड्यात चार लाल येतात!"

"नागपूरचं ऊनच तसलं," हणमंत म्हणाला.

"चेष्टा करू नका. सांगा ना, मी एवढी सरळ येते?"

"दिवा सांगतोय की."

*

खांदा पुढच्या उन्हाळ्यात गेला. गेला म्हणजे असा गेला, की टोपी घालायला हात वर होईना. हणमंत भिंतीला टोपी टेकवून खालून डोकं घालू लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी आतला फोटो बघितला आणि विचारलं, "दगड फोडायचं काम करता का?"

त्याच्या जागी यंत्र आलं. झोक्याला उलटं लटकणारं, दोन लांब हात आणि रबरी पंजे असलेलं. एवढ्या लांबून वाजतगाजत आलं, खातंपितं नाही, बोलत नाही, आणि आल्याबरोबर सगळ्यात उंच जागी जाऊन बसलं, म्हणून मेहरूमामीनं त्याचं नाव ठेवलं जावई.

"हणमंता, पोरीचा हात चांगल्या घरी दे बाबा," मामी म्हणाली, आणि सगळा तंबू हसला.

जावई आंधळा नव्हता. बारा डोळ्यांना जे दिसे ते त्यालाही कळे, आणि जुई जिकडं येईल तिकडं तो हात थोडा वळवी. थोडा. कमरेतून पिळवटायला त्याला कंबर नव्हती. सरावात साध्या उड्या त्यानं सगळ्या झेलल्या. हणमंत खाली जाळीच्या कडेला बसून मान वर करून बघे. जुई डावीकडं यायची, जावयाचा डावा हात शेवटपर्यंत जायचा आणि पंजाच्या टोकांनी तिला धरायचा. दरवेळी हणमंताचा मेलेला खांदा आपोआप उचल खायचा आणि कळ मस्तकात जायची.

एकदा तो उठून शिडीपर्यंत गेला. जुई खाली उतरत होती, घामानं निथळलेली, खुशीत.

"जुई."

"काय अण्णा?"

डोक्यावर हिरवा दिवा लागलेला होता. एवढ्या मोठ्या शास्त्राचे बारा डोळे बरोबर म्हणतायत, आणि आपण एक निकामी म्हातारा उठून पोरीच्या अंगात संशय घालणार? तेही उस्तादाचा शब्द मोडून?

"पाणी पी," हणमंत म्हणाला.

लातूरच्या खेळात जुईनं दुहेरी कोलांटी घेतली. कोलांटीत अंग दोनदा फिरतं, म्हणजे जो तिरकेपणा असेल तोही वाढतो. दिवा हिरवा होता. ती सुटली, फिरली, उलगडली आणि हात पसरून आली. जावयाचा डावा हात शेवटपर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या बोटांमध्ये आणि तिच्या मनगटांमध्ये हवा राहिली.

जाळी होती. पण ती जाळीच्या मधोमध पडली नाही. ती डावीकडं पडली, अगदी कडेला, आणि तिथून उसळून लोखंडी खांबावर आदळली.

*

माकडहाड वाचलं, पण खुबा मोडला. पावसाळ्यात सर्कस मिरजेजवळच्या माळावर मुक्कामाला थांबते. त्या मुक्कामात जुई आधी खाटेवर, मग कुबड्यांवर आणि मग एका काठीवर आली. चौकशी झाली. दिवा हिरवा होता म्हणजे उडी बरोबर होती, उडी बरोबर होती म्हणजे यंत्र चुकलं, असा निकाल लागला. यंत्रवाल्यांनी नवा, जास्त चपळ जावई दिवाळीला पाठवायचं कबूल केलं.

"दिवाळीनंतर मी वर," जुई म्हणाली. ती खाटेवर बसून दोन डबे उचलून दंड बळकट करत होती. "मामी, तुम्ही फलक रंगवायला घ्या."

"आधी नीट चाल तरी, मग उड," मामी म्हणाली.

"चालायला काय, सगळेच चालतात. अण्णा, तुम्ही गप का?"

हणमंत बाहेर गेला. नवा जावईही कमरेशिवायचाच होता. त्यानं विचारून घेतलं होतं. त्यानं शर्वाणीला फोन लावला.

"ताई, ते जुने फोटो हायत का? माझं सामान केलं होतं तेव्हाचे."

"कॅमेऱ्यांनी घेतलेलं सगळं आहे, अण्णा. तुम्हाला फक्त हिशेबातून वगळलं होतं. का?"

"मला परत आत घ्या. आणि बघा."

तिसऱ्या दिवशी शर्वाणी स्वतःच गाडी घेऊन आली. टिकल्यांशिवाय हणमंताचे सांधे शोधून काढायला तिला बरीच खटपट करावी लागली होती. तिचा चेहरा उतरलेला होता. भोजनाच्या तंबूत मामी कांदे चिरत होती, तिथंच ती बाकावर बसली.

"अण्णा, प्रत्येक वेळी?"

"व्हय."

"आणि तुम्ही कुणालाच सांगितलं नाही?"

"ज्याला झेलायचं त्याला सांगत नसतात, ताई."

"मग मला तरी!" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी त्याला काय शिकवलं, कळतंय का तुम्हाला? तुम्ही झेललेल्या उड्या. तुमचा खांदा जिथवर जाईल तिथवरची जुई त्याला सरळ वाटत राहिली. नवं यंत्र लावलं तेव्हा मी त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला हवं होतं. वर्षभर सगळं हिरवं होतं, म्हणून मी तशीच पुढं गेले." तिनं लॅपटॉप मिटला. "मी यंत्रवाल्यांना लिहिते. चूक माझी आहे."

"लिहा. पण तिला आधी दाखवायचं."

मामीची सुरी थांबली. "हणमंता, वेडा झालास? हाड मोडलं ते जुळलं. हे मोडलं तर कुठल्या डॉक्टराकडं नेशील? तिला सांग, माझी मनाई आहे, मामी म्हातारी झाली, सर्कस बंद. काहीही थाप मार."

"थाप मारली तर ती नागपूरला जाईल. तिथंही जावईच हाय."

मामीनं तोच कांदा पुन्हा चिरायला घेतला.

*

जुई काठी टेकत आली आणि पडद्यासमोर बसली. तिला वाटलं, जावयाची चूक दाखवणार आहेत. ती मजेत होती.

"लावा, शर्वाणीताई. बघू त्याची हुशारी."

पडद्यावर तिची निळी रेष आली. झोका, सुटणं, उलगडणं. आणि आज पहिल्यांदाच समोरून एक नारिंगी माणूस उलटा झुलत आला. तो सरळ यायचा, आणि शेवटच्या क्षणी त्याची डावी बाजू अंगापासून फाटल्यासारखी लांब जायची. तिथं निळी मनगटं असायची.

"हे कोल्हापूर," शर्वाणी हळूच म्हणाली. "हे इस्लामपूर. हे बार्शी."

जुई हसायची थांबली. तिनं आणखी चारपाच बघितल्या. मग म्हणाली, "मला काढा."

"म्हणजे?"

"मला पुसा त्याच्यातून. त्यांना एकट्यांना ठेवा."

शर्वाणीनं हणमंताकडं बघितलं. तो खाली बघत होता. तिनं निळी रेष बंद केली.

आता पडद्यावर एकटा नारिंगी माणूस राहिला. तो झुलत यायचा, आणि समोर काहीही नसताना डावीकडं स्वतःला पिळून हवेत हात घालायचा. परत जायचा, परत यायचा, परत हात घालायचा. शर्वाणीनं साऱ्या गावांचे सारे खेळ एकावर एक ठेवले, तेव्हा शेकडो हणमंत एकमेकांतून उमटले आणि त्यातला एकही मध्यावर नव्हता.

जुई बराच वेळ बघत राहिली. टाळ्या कुणाच्या होत्या, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अण्णा," तिनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "एकदा तरी मी सरळ आले होते का?"

हणमंतानं मान वर केली. शर्वाणीकडं जेवढ्या उड्या होत्या त्यांचं उत्तर तिला ठाऊक होतं.

"आली होतीस," हणमंत म्हणाला. "अगदी पहिल्यांदा. गडहिंग्लजला. दोरी लावून आणली तशी सरळ. मला काय करावंच लागलं न्हाई, नुसते हात धरून ठेवले होते."

गडहिंग्लजला ती सगळ्यात वाकडी आली होती. त्याच्या हाताला तिचं एकच मनगट लागलं होतं, तेही निसटता निसटता, आणि तिला पलीकडच्या फळीवर सोडल्यावर तो झोक्यावर उलटा लटकून रडला होता. उलट्या माणसाचे आसू कपाळावरून वाहतात म्हणून खालून सगळ्यांना ते घामासारखे दिसले. तेव्हा तंबूत एकही कॅमेरा नव्हता. हे सांगायला जगात एकटा हणमंत होता.

उडणाऱ्यानं झेलणाऱ्याच्या तोंडाकडं कधी बघायचं नसतं. मनगटांवर नजर ठेवायची असते. जुई लहानपणापासून तशीच शिकली होती. आता तिनं पडद्याकडं पाठ केली आणि बापाच्या तोंडाकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. हणमंतानं ते तोंड होता होईल तेवढं निश्चल धरलं.

"बरं," ती म्हणाली. "एक होती म्हणजे झालं."

मग तिनं काठी उचलली. "शर्वाणीताई, दिवाळीचा जावई पाठवू नका म्हणावं."

ती एकटीच बाहेर गेली. काठीचा आवाज माळावरच्या ओल्या मातीत लवकरच ऐकू येईनासा झाला. मामीनं पदरानं डोळे पुसले आणि कांद्यांना शिवी दिली. शर्वाणीनं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला.

"असू दे जरा," हणमंत म्हणाला. "तिला परत घ्या आत. बघू दे मला."

निळी रेष पुन्हा सुरू झाली. पोरगी झोका सोडून, हात पसरून, डावीकडं, त्याच्याकडं येत होती.